अंबुबाईचा गूळ

मी एकूण एक्केचाळीस डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांतल्या बहुतेकांबद्दल मला आज काडीचीही आठवण नाही. कोणी कोणाला का मारलं, विष कुठून आलं, किल्ली कोणाच्या कोटात सापडली, सगळं पुसून गेलं. बेळगावच्या खडेबाजारातून जाताना अजून एखादा वकील किंवा मास्तर अडवतो आणि विचारतो, "उपेंद्रराव, तुमच्या त्या कादंबरीतला मुनीम शेवटी कसा सापडला हो?" मी हसून वेळ मारून नेतो. खरं तर मला ते त्याच्याकडूनच ऐकायचं असतं. एक कादंबरी मात्र विसरता आली नाही. ती विसरू नये म्हणून एक बाई मला वीस वर्षं गूळ पाठवत होती.

पोटासाठी मी एका सरकारी कचेरीत नकला करायचो. कुठल्या कचेरीत ते लिहीत नाही, कारण तिथली पेन्शन अजून खातो. खटल्यातल्या जबान्या, पंचनामे, अर्ज, जे पुढ्यात येईल ते मराठी असो की कानडी, जसंच्या तसं उतरवून पक्षकाराला द्यायचं, एवढंच काम. सकाळी सहा ते नऊ घरी कादंबरी, अकरा ते सहा कचेरीत नकला. माझी बायको विद्युल्लता म्हणायची, तुम्ही एका कामाचा शिणवटा दुसऱ्या कामानं घालवायला जाता आणि दोन्हीकडे शिणलेलेच दिसता. ते खोटं नव्हतं.

डिटेक्टिव्ह विश्वंभरराव मला १९०९ साली सुचले. उंच, सावळे, हातात तपकिरीची डबी, आणि कधी म्हणजे कधीच न चुकणारे. लोकांना ते आवडले आणि माझा घात झाला. पाच-सहा कादंबऱ्यांत माझ्याजवळचं सगळं संपलं, पण विश्वंभरराव काही संपेनात. मग मी कचेरीतल्या जबान्यांकडे वळलो. नियम एकच ठेवला. माणसांची नावं बदलायची, गाव बदलायचं, पण घरातल्या वस्तू बदलायच्या नाहीत. हा नियम मी ठेच लागून शिकलो होतो. एकदा मी खानापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या घरात झुंबर टांगलं, तर तिकडून कार्ड आलं, "आमच्याकडं कुणाच्या बी घरात असलं न्हाई. तुम्ही नक्की कुठं गेलतासा?" तेव्हापासून माझ्या कादंबऱ्यांतली प्रत्येक कळशी, प्रत्येक कडी-कोयंडा पंचनाम्यातला असायचा. समीक्षक त्याला वास्तवता म्हणायचे. मी गप्प बसायचो.

१९२६ साली निपाणीकडच्या एका खेड्यातला खटला माझ्या टेबलावर आला. मष्णू नावाचा तंबाखू पिकवणारा शेतकरी भर दुपारी गोठ्यात मरून पडला होता. ओकाऱ्या झाल्या, तोंडाला फेस आला आणि अर्ध्या तासात सगळं आटोपलं. आदल्या दिवशी त्याचं बायकोशी, अंबुबाईशी, भांडण झालेलं शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. आंबिलीत विष घातलं म्हणून पोलिसांनी तिला धरलं. पंचनाम्यात सगळं घर उतरलं होतं. डावीकडे कललेलं तुळशीवृंदावन, एका शिंगाचा बैल, आणि गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेला, काठ तडकल्यामुळे तारेनं आवळलेला पितळी तांब्या.

तेवीस जबान्यांपैकी आण्णाप्पा नावाच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या जबानीत शेवटी चार ओळी होत्या. मष्णूच्या बैलाला गोचीड झाले होते. ते मारायला बैलाच्या अंगाला चोळायचं म्हणून त्यानं तंबाखूचे देठ त्या तांब्यात रात्रभर भिजत घातले होते. दुपारी उन्हातून आला, तहानेनं तोच तांब्या उचलला असेल. आपल्याकडे तांब्याला ओठ लावत नाहीत, वरून धार धरतात, त्यामुळे चव कळते ती घोट घशाखाली गेल्यावर. त्या चार ओळींवर अंबुबाई निर्दोष सुटली. गावानंही ते मानलं. तंबाखूच्या मुलखात देठाचं पाणी पोटात गेलं तर काय करतं हे कोणाला शिकवावं लागत नाही. मलाही ते पटलं होतं. हे इथेच सांगून टाकतो. मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही.

पण अपघात कोण वाचतो? प्रकाशक रघुवीरपंत महिनाअखेरीस हस्तलिखित मागत होते आणि माझ्याकडे एक ओळ नव्हती. मी आण्णाप्पाच्या चार ओळी गाळल्या. मष्णूचा केरबा केला, अंबुबाईची सगुणा केली, आणि शेवटच्या प्रकरणात विश्वंभररावांनी तपकिरीची चिमूट ओढून सगुणेकडे बोट दाखवलं. वृंदावन ठेवलं, बैल ठेवला, तांब्याही ठेवला. कादंबरीचं नाव 'तारेचा तांब्या'. वर्षात दोन आवृत्त्या निघाल्या. मी पुढच्या कादंबरीला लागलो.

पुढच्या वर्षी एका रविवारी सकाळी ओट्यावर एक बाई येऊन बसली. चाळिशीची असेल. बोटं तंबाखूनं पिवळी-काळी पडलेली, मांडीवर फडक्यात बांधलेला गुळाचा खडा. तिनं नाव सांगितलं आणि माझ्या हातातला चहा कपातच राहिला.

तिनं सांगितलं ते असं. सुटून आल्यावर तिनं गावची शेती दिराकडे सोडली आणि लेकीला घेऊन निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत कामाला लागली. त्या वखारीत दीडशे बायका पाला निवडायच्या. जेवायच्या सुट्टीत कडुनिंबाखाली बसून नागुबाई नावाची बाई सगळ्यांना पुस्तक वाचून दाखवायची. तिची चौथी झाली होती. वखारीत माझी पुस्तकं आवडीनं ऐकत. 'तारेचा तांब्या' आलं तेव्हा रोज दोन प्रकरणं व्हायची. दुसऱ्या दिवशी कललेलं वृंदावन आलं, तेव्हा अंबुबाईला वाटलं, आपल्यासारखं आणखी कोणाचं तरी असेल. तिसऱ्या दिवशी एका शिंगाचा बैल आला. चौथ्या दिवशी तांब्या आला, आणि बायका नागुबाईकडे बघायच्या सोडून तिच्याकडे बघायला लागल्या. सहाव्या दिवशी विश्वंभररावांनी बोट दाखवलं. त्या बायकांना कादंबरी म्हणजे काय ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सरळ हिशेब केला की कोर्टाला सापडलं नाही ते सरकारच्या दुसऱ्या साहेबानं मागाहून शोधून काढलं, आणि छापलं आहे त्या अर्थी चौकशी करूनच छापलं असणार.

मी म्हटलं, बाई, ही गोष्ट आहे. सगळं मनानं रचलेलं असतं.

"व्हय का?" ती म्हणाली. "मग माझा तांब्या कुठनं आला?"

 आत स्वयंपाकघरात विद्युल्लतेच्या हातातलं भांडं थांबलेलं मला ऐकू आलं.

अंबुबाई भांडली नाही. कचेरीत येणारी माणसं बोलतात तशी खाली बघून बोलत होती. "कोर्टानं मला सोडलं. तुमच्या पुस्तकानं धरलं. आता माझ्या हातचं कोण खाईना. जेवायच्या सुट्टीत बायका आपापली भाकरी उचलून लांब सरकत्यात. अक्काताईची सोयरीक ठरलती, ती मोडली. म्हणत्यात, आईच्या हाताखाली रांधायला शिकलेली पोरगी. तुम्ही आणि एक पुस्तक लिवा. त्यात मी न्हवं म्हणून लिवा. तेवढंच पायजे मला."

"बघतो," मी म्हणालो.

हा कचेरीतला शब्द. तो माझ्या तोंडून आपोआप निघाला आणि तिनंही तो कचेरीतल्यासारखाच ऐकला. म्हणजे अर्ज टेबलावर आला, आता वर सरकायला वेळ लागणार. तिनं फडकं सोडून गुळाचा खडा माझ्यासमोर ठेवला. आमच्याकडे खेड्यातला माणूस कागद पुढे सरकावा म्हणून कारकुनाला असंच काहीतरी देतो, कधी शेंगा, कधी मिरच्या, कधी गूळ. तो लाच देत नसतो. आपली आठवण ठेवून जातो. वीस-बावीस वर्षांच्या सवयीनं माझा हात पुढे झाला आणि मी तो गूळ घेतला.

ती गेल्यावर विद्युल्लता बाहेर आली. म्हणाली, "तो परत करा. तुम्ही तिचं वाटोळं केलंत आणि वर तिचाच गूळ घेतलात." मी म्हटलं, परत केला तर तिला वाटेल मी नाहीच म्हणालो. हे मला त्या क्षणी खरंच वाटलं होतं. विद्युल्लतेनं तो गूळ वेगळ्या बरणीत घातला. सणासुदीला, पाहुण्यांना त्यातला कण कधी वापरला नाही. फक्त माझ्या चहात घालायची. म्हणायची, तुमचा आहे, तुम्ही प्या.

मी खरंच बघणार होतो. दुसऱ्याच दिवशी रघुवीरपंतांकडे गेलो. ते ऐकून हसत सुटले. विश्वंभरराव चुकले असं छापलं तर मागच्या सगळ्या पुस्तकांवरचा लोकांचा विश्वास उडेल, म्हणाले. शिवाय ही बाई खरी आहे असं तुम्ही कबूल केलंत, तर कचेरीतले कागद तुम्ही घरी नेऊन वाचता हेही कबूल होईल. मग नोकरी सांभाळा. मी नोकरी सांभाळली.

दर वर्षी शिमग्याच्या पुढेमागे निपाणीच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर यल्लाप्पा घरी यायचा. गुळाचा खडा ओट्यावर ठेवायचा आणि विचारायचा, "अंबुबाईनं इच्यारलंय, कागद कुठवर आलाय?" ती कधी पुस्तक म्हणायची नाही. मी म्हणायचो, चाललंय. कोणत्या वर्षी मी काय सबब सांगितली ते आठवत नाही, आठवावंसंही वाटत नाही. १९३८ला पेन्शन झाली, नोकरीची भीती संपली. म्हटलं, आता लिहू. तर लेखणी घेऊन बसलं की विश्वंभररावांचा कंटाळा यायचा. त्यांची तपकीर, त्यांचं ते मंद हसणं, "मला ठाऊकच होतं" हे त्यांचं वाक्य, सगळ्याची शिसारी आली होती. त्यांना एकदा चुकवायचं आहे हे माहीत असूनही त्यांच्यापुढे माझा हात चालायचा नाही. मग लढाई आली, कागद मिळेना. ती सबब सगळ्यांत सोयीची होती, कारण ती खरी होती. त्या काळातही मी रघुवीरपंतांना तीन कादंबऱ्या दिल्या. त्यांना कागद मिळाला.

१९४६च्या शिमग्याला यल्लाप्पा आला तेव्हा त्याचेही केस पिकले होते. गूळ ठेवून तो नेहमीसारखा विचारत उभा राहिला नाही. जोड्यात पाय घालता घालता म्हणाला, "म्हातारीला दम लागतोय. तंबाखूची धूळ. ती म्हंती, माझ्या डोळ्यादेखत झालं तर बरं." विद्युल्लता दारात उभी होती.  संध्याकाळी तिनं चहा दिला तो बिनगुळाचा होता. बरणी तिनं माझ्या लिहायच्या टेबलावर आणून ठेवली होती.

मग मात्र मी वीस दिवसांत लिहून काढलं. म्हातारे झालेले विश्वंभरराव पुन्हा त्या गावी जातात. गोचीड झालेला बैल, भिजत घातलेले देठ, वरून धरलेली धार. आण्णाप्पाच्या चार ओळी मला शब्द न् शब्द पाठ होत्या. शेवटी विश्वंभरराव सगुणेच्या ओट्यावर बसून म्हणतात, मी चुकलो. एक्केचाळीस कादंबऱ्यांत ते एवढं एकच वाक्य मी मनापासून लिहिलं आहे. रघुवीरपंत तोवर थकले होते. त्यांनी न वाचताच छापायला टाकलं. खाकी कागद, अंधूक टाइप, ब्याण्णव पानं. नाव 'विश्वंभररावांची चूक'. पुस्तक हातात यायला सत्तेचाळीसचा मे उजाडला.

ते टपालानं पाठवायला नको, असं विद्युल्लता म्हणाली. पहिलं जिथं वाचलं गेलं तिथंच जाऊन वाचा. मी निपाणीला गेलो, धर्मशाळेत उतरलो आणि वखारीच्या मालकाची परवानगी काढून तीन दिवस जेवायच्या सुट्टीत कडुनिंबाखाली बसून स्वतःचं पुस्तक वाचलं. चौसष्टाव्या वर्षी हे सोपं नसतं. हवेत तंबाखू, दर चार ओळींनी ठसका. नागुबाई आता म्हातारी होती, काचेला तडा गेलेला चष्मा लावायची. तिनं आपली जागा मला दिली आणि समोर बसून एकेक शब्द ऐकला. अंबुबाई सगळ्यांपासून पाच-सहा हात दूर, भिंतीशी बसायची. शेजारी अक्काताई. तिशी ओलांडलेली, आईसारखीच पिवळ्या-काळ्या बोटांची. त्यांच्या आणि बाकीच्यांच्या मधली जमीन वीस वर्षांत कोणी वापरलेली नव्हती.

देठाच्या पाण्याचं प्रकरण आलं तेव्हा बायकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं. तिसऱ्या दिवशी मी "मी चुकलो" वाचलं, पुस्तक मिटलं आणि चष्मा पुसत बसलो, कारण मला रडू आलं होतं.

 मग नागुबाई शांतपणे म्हणाली, "गूळ पोचला म्हणायचा."

दोन-चार बायका पदराआड हसल्या. मला कळायला वेळ लागला. यल्लाप्पानं वीस वर्षं तो गूळ मोटारीच्या टपावरून आणला होता, प्रत्येक स्टँडवर 'अंबुबाईचा गूळ, बेळगावच्या साहेबाला' म्हणून सांगत. सगळ्या निपाणीला ते माहीत होतं. कारकुनाला गूळ गेला की कागद कसा फिरतो, हे त्या बायकांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मी म्हणालो, "अहो, पण देठाचं पाणी तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच सांगा, खोटं आहे का?"

"खोटं कशाला?" नागुबाई म्हणाली. "आमास्नी बी ठाव हाय की. पर मग तवाच का लिवला न्हाईसा?"

"तेव्हा मीच ते गाळलं. मला माहीत होतं आणि मी गाळलं." हे मी विद्युल्लतेशिवाय कोणापुढे बोललो नव्हतो. दीडशे बायकांपुढे, भर दुपारी, घसा साफ करून मोठ्यानं बोललो.

"व्हय व्हय," नागुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट समजूतच होती. "आता असंच म्हणायचं."

 सुट्टी संपायला अजून थोडा वेळ होता. बायका आपापली फडकी सोडून जेवायला लागल्या. मी उठलो आणि ती मधली जमीन ओलांडून भिंतीशी जाऊन बसलो. अंबुबाईनं मला पुस्तकाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. आपलं फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी, आणि कडेला गुळाचा खडा. अर्धी भाकरी मोडून, तिच्यावर गूळ ठेवून तिनं माझ्यापुढे धरली.

सगळ्या बायका खायच्या थांबून बघत होत्या. आता मी गूळ खाल्ला, तर पुस्तक गुळासाठी लिहिलं हे त्यांचं म्हणणं खरं ठरणार होतं. नाही खाल्ला, तर त्या बाईच्या हातचं मीही खात नाही असं होणार होतं. माणसाला असं पेचात धरणं हा माझा चाळीस वर्षांचा धंदा, आणि दर वेळी सुटकेची वाट मी आधी ठरवून ठेवत असे. इथे काहीच ठरवलेलं नव्हतं. मी भाकरी घेतली आणि गुळाबरोबर खायला लागलो.

"बघा," मागून कोणीतरी म्हणालं. "खातोय की."

अंबुबाईनं तिकडे पाहिलं नाही. तिला धाप लागत होती, म्हणून ती तुटक तुटक बोलली. "पयलं पुस्तक तुम्ही काय बी न घेता लिवलासा. म्हणून लोकांस्नी ते खरं वाटलं."

मग तिनं उरलेली अर्धी भाकरीही माझ्यापुढे सरकवली. मी तीही खाल्ली.